राहिलेल्या आठ गोळ्या

शिवकन्येनं पिशवी रिकामी करताना गोळ्यांचं पाकीट ओट्यावर ठेवलं, आणि सटवाजीच्या हातातला तांब्या तोंडापर्यंत जाता जाता थांबला. तीच गोळी होती. अर्धी हिरवी, अर्धी पिवळी.

"ह्या कुणी दिल्या तुला?"

"वारंग्याच्या डॉक्टरनं. ताप आल्ता न्हाई का? गवतातला किडा चावलाय म्हणले. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. तीन दिवस झाले, ताप उतरलाय. एवढं काहून बघून राहिले, आबा?"

सटवाजीनं तांब्या खाली ठेवला. लेक सासरहून, वारंगा फाट्याहून, हळदीच्या कामाला आली होती. दरवर्षी शिजवलेली हळद खळ्यावर पसरली की तिची आई, नर्मदाबाई, पंधरा दिवस ती हातानं हलवायची. नर्मदाबाईला जाऊन वर्ष झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बाळापूरला निघाला. निघताना उतरंडीच्या मागून एक जुनं पाकीट काढलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. नर्मदाबाईचं. त्यात आठ गोळ्या राहिल्या होत्या.

गेल्या माघात तिलाही असाच ताप आला होता. डॉक्टरनं ह्याच गोळ्या दिल्या आणि म्हणाला, उन्हात जाऊ नका. सटवाजी हसून म्हणाला होता, "साहेब, आमची कातडी उन्हातच शिजून निघालेली हाय. तिला ऊन काय करतंय!" डॉक्टरही हसला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि नर्मदाबाई खळ्यावर गेली. संध्याकाळी तिचे हात, मान, नाक लालकाळं झालं होतं. रात्रीतून फोड आले. शेजारची धुरपताबाई बघून म्हणाली, "गोळी गरम पडली बाईला." सटवाजीला पटलं. त्यानं फोडांवर लोणी लावलं आणि पाकीट उतरंडीमागं ठेवून दिलं. दोन दिवसांनी ताप उलटून आला. नांदेडला नेलं, पण चौथ्या दिवशी ती गेली. सवाष्ण म्हणून बायकांनी तिला हळद लावली तेव्हा नाकावरची कातडी हळदीबरोबर निघून आली. तो तोंड फिरवून भिंतीकडं बघत राहिला होता.

बाळापुरात फारुकचं औषधाचं दुकान होतं. सटवाजीनं पाकीट काचेवर ठेवलं.

"फारुकभाई, ही गोळी वाईट हाय. पोरीला दुसरी द्या."

"गोळी चांगली हाय, मामा. ह्या तापाला हीच लागते." फारुकनं चष्मा कपाळावर सरकवला. "काय तकलीफ झाली?"

सटवाजीनं हातावरच्या फोडांचं सांगितलं. कुणाच्या हातावरचे ते सांगितलं नाही.

"ते उन्हानं. आपल्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी असतात. काही गोळ्या त्या रंगाला जाऊन चिकटतात. मग वरून ऊन पडलं की तिथंच आग होते. सगळ्यांना होत न्हाई, पण होते."

"काळ्या कातडीला पण?"

"रंग हाय म्हणून ही गोळी सोडत न्हाई, मामा. बिलकूल न्हाई. सावलीत बसायचं, पूर्ण बाह्यांचं घालायचं, आणि डॉक्टरला एक फोन करायचा. आपल्या मनानं गोळी बंद करायची न्हाई."

"आन् केली तर?"

फारुकनं पाकीट उलटं केलं, त्यावरची तारीख वाचली, आतल्या गोळ्या बघितल्या. नर्मदाबाईच्या मातीला तो आला होता. त्यानं पाकीट हळूच सटवाजीच्या हातात परत दिलं.

"बसा मामा. चहा सांगतो."

सटवाजी बसला नाही.

तो घरी पोचला तेव्हा शिवकन्या दारात बसली होती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते आणि नाकाचा शेंडा काळवंडला होता.

"सकाळधरनं एकटीनं समदी हळद हलवली. शाबासकी द्यायची सोडून असं भूत बघितल्यावाणी काय बघता? धुरपतामावशी म्हणली गोळी गरम पडली. आता मी खाणार न्हाई. ताप तर न्हाईच."

"सकाळची खाल्ली का?"

"न्हाई."

"खा."

"हात बघा की माझे!"

"ते उन्हानं झालं, माय. तू सावलीत बस, हळद मी बघतो. गोळी खा."

"तुमी कधीपासून डॉक्टर झाले?" ती हसली. "आईच्या येळेला का न्हाई झाले मग?"

ती सहज बोलून गेली होती. सटवाजी तिच्यासमोर जमिनीवर बसला. खिशातलं पाकीट काढून त्यानं तिच्यापुढं ठेवलं.

"हे तुझ्या आईचं. मीच बंद केल्या. ती मागत व्हती, मी दिल्या न्हाईत. उतरंडीमागं ठेवल्या."

शिवकन्येनं पाकीट हातात घेतलं. एकेक गोळीवरून बोट फिरवलं.

"नांदेडला दवाखान्यात आई मला म्हणली व्हती," ती म्हणाली, "माझ्या गोळ्या संपल्या न्हाईत गं. मला वाटलं, तापात बडबडून राहिली."

सटवाजीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं तो घेतला नाही. आईचं पाकीट त्याच्यापुढं ठेवून ती आत गेली. त्यानं ते परत खिशात घातलं. माठात तांब्या बुडल्याचा आवाज आला, मग तिच्या गोळीचं पाकीट फाडल्याचा. त्यानं तिथूनच वारंग्याच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरनंही तेच सांगितलं.

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. उरलेल्या गोळ्या तिनं त्याच्यापुढं ठेवल्या.

"ह्या तुमच्यापाशी ठेवा. येळ झाली की तुमीच द्यायच्या."

त्यापुढं ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. घरातच राहिली, हातांवर ओलं फडकं ठेवून. सटवाजी एकटाच खळ्यावर हळद हलवायचा. सकाळी भाकरीनंतर आणि दिवस कलला की हात धुऊन घरी यायचा, एक गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवायचा आणि ती गिळेपर्यंत उभा राहायचा. तिच्या हातांची लाली उतरली. नाकावरचा डाग तेवढा राहिला.

शेवटच्या संध्याकाळी तिनं गोळी गिळली, रिकामं पाकीट त्याच्या हातातून घेतलं आणि उजेडाकडं धरून बघितलं.

"संपल्या, आबा," ती म्हणाली.

सटवाजीनं मान हलवली. त्याचा हात सदऱ्याच्या दुसऱ्या खिशावर होता, नर्मदाबाईच्या आठ गोळ्यांवर.