लाइनीतले बूट

तलासरीत तहसील कचेरीच्या आवारात, दाखल्यांच्या खिडकीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आठ वर्षं इथे बसून एक इंग्रजी शब्द मी पार कोळून प्यायलेय. लाइन. वीज गेली, लाइन गेली. नेट गेलं, लाइन गेली. साहेबाला काम नको असलं, तरी लाइनच जाते.

वेवजी गावची पुतळी त्या दिवशी सकाळी सातलाच आली. लेकीचा, प्रगतीचा, नर्सिंगला नंबर लागला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डहाणूला जातीचा दाखला दाखवायचा होता, नाहीतर जागा गेली. दाखला तयार होता, फक्त शिक्का मारून घ्यायचा. आमच्याकडच्या रीतीने तिने चप्पल लाइनीत ठेवली, तिसरी, आणि सावलीत बसली. चपलेची जागा इथे कुणी हलवत नाही. या आवारात तेवढाच एक कायदा पाळतात.

खिडकीवरचे नविनसाहेब साडेअकराला उगवले. बूट दारात काढले, कारण आत नवी फरशी आहे आणि तिला ते जिवापाड जपतात.

बाराला म्हणाले, "लाइन नाही." पंखा गरगर फिरत होता, म्हणजे ही नेटची. दोनला पुतळी खिडकीशी गेली, तर "लाइनीने या." चारला म्हणे, "शिक्का ही माझी लाइनच नाही, दिपकला विचारा." दिपक आठवडाभर रजेवर. माझं डोकं असं फिरलं की कुणाच्या तरी कागदाच्या दोन प्रती उलट्याच काढल्या.

पाचला खिडकी बंद झाली. पुतळी उठली, साहेबांचे बूट उचलून आणले आणि सव्वीस चपलांच्या मागे नीट जोडून ठेवले.

साहेब मोज्यांवर बाहेर आले. "माझे बूट कुठायत?"

"लाइनीत हायत, साहेब. तुमच्यापुढं सव्वीस जण."

ते हसले. बाकी कुणी हसलं नाही. बुटांकडे वाकले, तर दिवसभर उपाशी बसलेले म्हातारे काकड्याबाबा हळूच म्हणाले, "मधी नका घुसू." कुणी वाट अडवली नाही, हात लावला नाही. सगळे नुसते बघत उभे राहिले. मलाच लाज वाटली, तर साहेबांना किती वाटली असेल.

साहेब आत गेले. लाइन आली. शिक्का त्यांच्याच खणात निघाला.

तिसरा दाखला पुतळीचा. मी म्हटलं, "पुतळीबाय, वेवजीची रिक्षा सुटेल, जा आता." तिने दाखला पोलक्यात ठेवला आणि परत सावलीत बसली.

"थांबते," ती म्हणाली. "साहेबाचा नंबर लागू दे."