चारशे दोनचा ओला कचरा

आमच्या सोसायटीच्या लॉबीत लिफ्टशेजारी एक टीव्ही आहे आणि त्यावर आमचं घर लाल रंगात दिसतं. बाकीची सगळी घरं हिरवी. आमच्या लाल चौकोनात एक पान आहे आणि ते रडतंय. खाली लिहिलंय, ‘४०२, पृथ्वी तुमची वाट पाहत आहे.’ दूधवाला, कुरिअरवाला, पाचव्या मजल्यावर शिकवायला येणाऱ्या बाई, सगळे लिफ्ट येईपर्यंत ते वाचतात. मी वाचत नाही. मला पाठ झालंय.

हा टीव्ही आमच्याच मुलाने लावला. मुकुल इंजिनिअर आहे. चांगली नोकरी सोडून त्याने ‘हरितघर’ नावाचं ॲप काढलं आणि पहिला प्रयोग म्हणून आमचीच सोसायटी धरली. आम्ही ठाण्यात बाळकुमला राहायला आलो तेव्हा समोर भातशेती होती. आता तिथे ‘पॅडी व्ह्यू’ नावाचा टॉवर आहे. त्यामुळे पर्यावरणाचं काहीतरी करायला हवं, यावर सोसायटीत कुणाचंच दुमत नव्हतं.

पार्किंगमध्ये, लॉबीच्या काचेच्या दारासमोरच, मुकुलचं यंत्र उभं आहे. ओला कचरा घेऊन जायचं, मोबाइल दाखवायचा, की यंत्र तोंड उघडतं, वजन करतं आणि गोड आवाजात म्हणतं, “धन्यवाद, सातशे तीन.” आत खत होतं आणि घराच्या नावावर गुण जमा होतात. जितका कचरा जास्त तितके गुण जास्त. मूठभर सालींसाठी मात्र ते तोंड उघडत नाही, त्याला भरघोस लागतं. मी त्याला बकासुर म्हणतो. मुकुल त्याला प्लॅटफॉर्म म्हणतो.

माझी हयात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात माल तपासण्यात गेली. ज्याला बक्षीस लावाल ते वाढतं, एवढं एकच शहाणपण मी तिथून घरी आणलं. ते मी मुकुलला पहिल्याच दिवशी सांगितलं. “गुड पॉइंट, बाबा,” म्हणून त्याने ते फोनमध्ये टिपून घेतलं. पुढे त्याचं काय झालं ते फोनलाच ठाऊक.

सातशे तीनमध्ये प्रमोदिनी राहते. माणसं दोन, पण कचरा लग्नघराचा. दर महिन्याला पहिला नंबर तिचा. बक्षीस म्हणून बाहेरून जेवण मागवायचं कूपन मिळतं. त्या कूपनावर ती जेवण मागवते, ते दोघांना संपत नाही, उरलेलं बकासुराला जातं, गुण वाढतात आणि पुढचं कूपन येतं. सर्क्युलर इकॉनॉमी म्हणतात ती हीच असावी.

आता आमच्या घराबद्दल. माझी बायको सुमती हिच्या हातून खाण्याची वस्तू दाराबाहेर जात नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी होते, दुधीच्या सालींची होते, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत जातात. कलिंगडाच्या पांढऱ्या भागाचं थालीपीठ मी परवाच खाल्लं. रात्रीची पोळी सकाळी फोडणीची होते. दूध नासलं तर त्याचं पनीर, आणि पनीरच्या पाण्यात कणीक. ज्याचं खरोखरच काही होऊ शकत नाही ते बाल्कनीतल्या फुटक्या माठात जातं आणि माठातून कढीपत्त्याला. आणि वालाचं बिरडं केलं की संपलेल्या कढईत ती गरम भात घालते, कडेकडेने कालवते आणि तो भात मुकुलला देते. लहानपणापासून तो हक्क त्याचाच. नंतर ती कढई घासताना आमच्याकडची बाई म्हणायची, “वहिनी, यात स्वयंपाक केला होता का नक्की?”

तर बकासुराच्या वाट्याला आमच्याकडून काहीच गेलं नव्हतं, आणि म्हणून आम्ही सोसायटीतलं सर्वांत बेजबाबदार घर होतो.

एकदा भिशीला प्रमोदिनी सगळ्यांदेखत म्हणाली, “सुमतीताई, ओला-सुका वेगळा करायला जमत नाहीये का? मी शिकवते हवं तर.” मनाने वाईट नाही ती. तिला खरंच शिकवायचं होतं. सुमतीने चहा संपवला, घरी आली आणि मला म्हणाली, “मला फार लागलं हो.” दुसऱ्या दिवसापासून तिने लिफ्ट सोडली. गुडघे दुखतात तिचे, पण जिन्याने जाते. टीव्हीसमोर उभं राहावं लागत नाही. मला इतका राग आला की एखाद्या सकाळी खाली जाऊन टीव्हीची वायर ओढावी. पण टीव्ही मुलाचा होता.

मग मुकुलने एका बुधवारी जेवताना सांगितलं की येत्या रविवारी पाहुणे येणार. एका मोठ्या गुंतवणूक कंपनीची माणसं. पर्यावरणाच्या कामात पैसा घालतात. त्यांना प्रयोग पसंत पडला, तर कळव्यापासून दिव्यापर्यंतच्या सोसायट्यांमध्ये यंत्रं बसणार. नाही पडला, तर गणपतीनंतर कंपनी बंद, तिथली मुलं घरी आणि मुकुल पुन्हा नोकरीच्या शोधात.

“एकच अट आहे. हंड्रेड पर्सेंट घरं ग्रीन हवीत.” एवढं बोलून त्याने ताटातल्या भाताकडे पाहिलं. आमच्याकडे बघायचं त्याला जमेना.

“मग आमचा चौकोन हिरवा करून टाक ना. तुझंच तर ॲप आहे,” मी म्हणालो.

“नाही बाबा. डेटा खोटा करायचा नाही. ते तत्त्व आहे.”

“मग?”

“खरा कचरा टाका ना. एकदाच. काहीही.”

गुरुवारी सकाळी मी बाल्कनीतला माठ उचलून खाली नेला. निम्मा माठ बकासुराच्या तोंडात रिकामा केला. यंत्राने जरा विचार केला आणि गोड आवाजात म्हणालं, “क्षमस्व, हे खत आहे.” आणि सगळं परत दिलं.

मग मी मार्केटात रंगूबाईकडे गेलो. ती बाळकुमचीच. तिच्या सासऱ्यांची शेती आता टॉवरखाली आहे आणि ती टॉवरसमोर भाजी विकते. कोबीची बाहेरची पानं, फ्लॉवरचे दांडे असला पाला ती पूर्वी शेळीवाल्यांना फुकट द्यायची. मी पिशवी पुढे केली.

“पाला फुकट नाय आता, दादा,” रंगूबाई म्हणाली. पाल्याच्या ढिगाला तिने वेगळा क्यूआर कोड लावला होता. “तुमच्या सोसायटीवाल्या नेतात ना रोज. सातव्या माल्यावरची बाय तर आधीच बुकिंग करते.”

“आणि शेळीवाले?”

“त्यांना परवडत नाय.”

मी फोन दाखवून कचरा विकत घेतला. मुकुलला फोन करून विचारलं की हे तत्त्वात बसतं का. तो म्हणाला, “पाला खरा आहे ना? मग डेटा खरा आहे.”

घरी आल्यावर पिशवी ओट्यावर ठेवून मी चपला काढायला गेलो, तेवढीच माझी चूक झाली. परत येतो तो सुमतीने पानं धुवायला घेतली होती. “बरी आहेत की,” ती म्हणाली. “जरा जून आहेत, पण वाफवून वड्या होतील.” मी तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढं कळतं. संध्याकाळी मुकुलने वड्या मिटक्या मारत खाल्ल्या, हात धुतले आणि मला विचारलं, “बाबा, तो पाला टाकलात का?”

“तूच टाकलास आत्ता,” मी म्हणालो.

त्याला हसू आलं नाही. तो सुमतीजवळ जाऊन बसला. “आई, एक दिवस. चार शिळ्या पोळ्या, उरलेला भात, काहीतरी.”

“शिळी पोळी म्हणजे उद्याचा नाश्ता रे.”

“माहितीये मला. पण सगळी कंपनी तुझ्या डब्यावर अडलीये गं आई.”

शुक्रवारी सुमतीने वाल भिजत घातले. मुकुलवर दडपण असलं की ती बिरडं करते, परीक्षेच्या काळापासून. शनिवारी मोड आलेले वाल सोलत ती दुपारभर बसली होती. मी मदतीला बसलो तर म्हणाली, “तुम्ही डाळिंब्या मोडता.” हे खरं आहे. रविवारी सकाळी घरभर नारळाचा नि आमसुलांचा वास होता. मोठी कढई भरून बिरडं झालं होतं. मला वाटलं, पाहुण्यांनाही वाढायचा विचार असेल.

पाहुणे आले. त्यांच्या प्रमुख मेघना मॅडम, बरोबर दोन तरुण. लॉबीत खुर्च्या मांडल्या होत्या, सोसायटी जमली होती. मुकुल छान बोलला. मला त्यातलं निम्मं कळलं आणि तरी अभिमान वाटला. मग मॅडमनी टीव्हीकडे बोट दाखवलं.

“हे एक घर रेड का आहे?”

मुकुलच्या तोंडचं पाणी पळालं. “ते... त्या घराचा जरा...”

“ते त्यांचंच आहे,” प्रमोदिनी मदतीला धावली. “म्हणजे आईवडिलांचं.”

दोन तरुण हसले. मॅडम हसल्या नाहीत. “स्वतःच्या घरात ॲपचं ॲडॉप्शन नाही, तर बाकी ठिकाणी कसं होणार, मुकुल?”

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. सुमती. ठेवणीतली साडी नेसलेली, आणि दोन्ही हातांत फडक्यांनी धरलेली मोठी कढई. कितीतरी दिवसांनी ती लिफ्टमधून उतरली होती. टीव्हीकडे न बघता ती सरळ काचेच्या दारातून पार्किंगमध्ये गेली. वास आधी माझ्यापर्यंत आला, मग मुकुलपर्यंत.

“आई, थांब. आई, ते नको!”

तिने कढई एका हातावर तोलून फोन दाखवला. बकासुराने तोंड उघडलं. तिने कढई उपडी केली आणि चांगली झटकली.

“धन्यवाद, चारशे दोन.”

टीव्हीवरचं पान रडायचं थांबलं, हिरवं झालं आणि हसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रमोदिनीने सर्वांत जोरात वाजवल्या. मेघना मॅडम उभ्या राहिल्या. “वा! याला म्हणतात बिहेवियर चेंज. आमच्या डोळ्यांदेखत!” एका तरुणाने फोटो काढला. सुमती त्यांना म्हणाली, “चहाला या हं वर,” आणि रिकामी कढई घेऊन निघाली. आता लिफ्टने जायला हरकत नव्हती, पण सवयीने जिन्याने गेली.

मी तिच्यामागोमाग वर आलो. मी भडकलो होतो. “अगं, निदान वाटीभर तरी बाजूला काढायचंस!”

“काढलं असतं आणि वजन भरलं नसतं तर?” ती कढई ओट्यावर ठेवत म्हणाली. मग खुर्चीवर बसली. “मेलं कसं टाकतात माणसं रोज, कोण जाणे.”

पाहुणे जेवायला हॉटेलात गेले. मुकुल त्यांच्याबरोबर गेला नाही. तो वर आला, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसला, लहानपणी बसायचा तसा. सुमती उठली. कुकरमधला गरम भात तिने कढईत घातला, वर मीठ, तूप, आणि कडेकडेने कालवायला लागली. जगात उरलेलं बिरडं आता तेवढंच होतं. ती कढई तिने त्याच्यासमोर ठेवली.

मुकुलने पहिला घास घेतला आणि तो रडायला लागला. रडता रडता जेवत होता. मी खिडकीकडे बघत बसलो, कारण माझंही काही खरं नव्हतं.

फोन वाजला. उजवा हात खरकटा होता म्हणून त्याने डाव्या हाताने स्पीकर लावला.

“मुकुल, आमचा होकार आहे,” मेघना मॅडम म्हणाल्या. “तुमच्या आईंचा फोटो आम्ही आमच्या अहवालाच्या पहिल्या पानावर घेतोय.”

“मॅडम,” मुकुल म्हणाला, “ते घर आधीपासून हिरवंच होतं. आज आम्ही ते लाल केलं.”

“म्हणजे? डेटात एरर आहे का?”

“डेटा बरोबर आहे. आम्ही मोजतोय ते उलटं आहे. लोक कचरा विकत आणून टाकतायत, मॅडम. मला दुरुस्त करायला वेळ लागेल.”

मग त्या म्हणाल्या, “ठीक आहे. मेल करा. बघू.” आमच्या कारखान्यातही ‘बघू’ म्हणून बाजूला ठेवलेला माल मी पुन्हा कधी पाहिला नाही.

“गेला का रे होकार?” सुमतीने विचारलं.

“बहुतेक.”

ती ओट्याला टेकून उभी राहिली. पदराने हात पुसला, कोरडाच होता. “मग माझं बिरडं फुकटच गेलं म्हणायचं.”

आमच्या घरात काही फुकट गेल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

“नाही गेलं,” मुकुल म्हणाला. त्याने कढई जवळ ओढली, शेवटचा घास हातात घेतला आणि तो आतून गोल फिरवत, कडेकडेने, काळं लोखंड चमकेपर्यंत पुसत राहिला.