पान्हा पडला ती जागा

पान्हा हातातून निसटला, बोटीच्या पोटावर आपटला आणि फरशीवर घरंगळत गेला. गोदू परांचीवरून खाली उतरली. तिने तळहाताने ती जागा चाचपली. साधा ओरखडाही नव्हता.

"कुनी बघितला नाय," शेजारी काम करणारी रंभा म्हणाली. "निशान पन नाय. गप ऱ्हा."

तळोज्याच्या त्या कारखान्यात फायबरच्या बोटी तयार होत. काचेच्या धाग्याचं कापड अंथरायचं आणि त्यावर राळ चढवायची, हे काम गोदू नऊ वर्षं करत होती. फायबरला मार लागला तर वरून काही दिसत नाही, आतल्या आत थर सुटतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्यातून ही बोट बुडत्या माणसांना काढायला जाणार होती. गोदूचा नवरा तुळशीराम मासेमारीला समुद्रात जायचा.

जेवायच्या सुट्टीआधीच ती विनिता मॅडमकडे गेली. विनिता पनवेलच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातली संशोधक. तिने बोटीला आतून धक्के टिपणारे नाण्याएवढे आठ सेन्सर चिकटवले होते आणि महिनाभर त्यांची नोंद कॉम्प्युटरवर घेत होती.

"मॅडम, माज्या हातना पान्हा पडला. साडेअकराला." गोदूने बोटीवर नेमकं बोट टेकवलं. "हितं."

विनिताने तिथे खडूने फुली मारली. पण सुपरवायझर अवधूत सावंतांच्या कानावर गेलंच.

"चौकशी होईपर्यंत घरी थांबा, गोदूबाई," ते म्हणाले. "डिलिव्हरी पंधरा दिवसांवर आलीय. पार्टीला मी काय सांगू?"

तीन दिवस ती रोडपालीच्या घरात बसून होती. भांडी घासून झाली, डबे पुसून झाले, तरी दिवस सरेना. तुळशीरामने एकदाच विचारलं, "खरं सांगितलंस ना?" तिने मान डोलावली. "मंग झाला," म्हणून तो जेवायला बसला. त्यानंतर त्याने विषय काढला नाही, याचं तिला फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी विनिता स्वतः दारात आली.

"गोदूताई, चला. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

रिक्षात तिने समजावून सांगितलं. धक्का बसला की त्याची थरथर सगळ्या बोटीत पसरते. जवळच्या सेन्सरला ती आधी कळते, लांबच्याला उशिरा. त्या फरकावरून जागा काढायची. "पण फायबरमध्ये थरथर धाग्याच्या दिशेने जोरात धावते, आडवी सावकाश. त्यामुळे माझं उत्तर हातभर चुकायचं. आणि ते चुकतंय हेही मला कळत नव्हतं. खरी जागा कुणी सांगतच नव्हतं ना. तुम्ही सांगितलीत. तुमच्या फुलीवरून मी सगळे वेग दुरुस्त केले, मग महिन्याभराची नोंद पुन्हा तपासली."

"मंग? माज्या जागेवर बिघाड हाय?"

"काही नाही. तुमची जागा ठणठणीत आहे."

कारखान्यात बोटीच्या दुसऱ्या अंगाला, तळाजवळ, एक तुकडा कापून काढला होता. गोदूने वाकून पाहिलं. आत थर सुटून चांगलीच पोकळी पडली होती. पान्ह्याचा धक्का याच्यापुढे काहीच नव्हता. ही पोकळी पाडणारा धक्का नोंदीप्रमाणे आदल्या शनिवारचा होता, दुपारी चारचा.

"शनिवारी ह्या बोटीची ट्रॉली मी ढकलून घेतली होती," अवधूत सावंत खालच्या आवाजात म्हणाले. "बोट खांबाला लागली. वरून काही दिसलं नाही, म्हणून मी बोललो नाही."

विनिता गोदूकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्ही गप्प राहिला असतात तर ही बोट अशीच पाण्यात गेली असती. तुमचे आभार कसे मानू?"

"पान्हा मी पाडला, आनि आभार तुमी मानता?" गोदूला हसू आलं आणि डोळेही भरले. "तुमी दारात आलात, मॅडम. आमच्याकडं कोन येतंय?"

तिने साडीचा पदर खोचला आणि हातमोजे चढवले. दुरुस्ती तिनेच करायची असं ठरलं होतं. कापलेल्या जागेच्या कडा तिने घासून उतरत्या केल्या, कापड मापात कातरलं आणि पहिला थर बसवला. अवधूत सावंत राळेचा डबा धरून तिच्या मागे उभे होते. ब्रश बुडवायला तिने मागे न बघताच हात नेला. त्यांनी डबा पुढे केला आणि राळ सांडू नये म्हणून खालून दुसरा हात लावला.