रंग वाळेपर्यंत

"या वयात लोक केस रंगवतात. आपण पलंग रंगवतोय, तोही खालून," पलंगाखालून कुरकुर ऐकू आली. आमचे हे तिथे उताणे पडून पॉलिश पेपर घासत होते. त्या जागी आजवर फक्त धूळ पोचली होती.

"हळू बोला. ती शेजारच्या खोलीत आहे."

"मग? पलंग रंगवतोय हे तिला माहीत नाही?"

माहीत सगळ्यांना सगळंच होतं. बोलत कुणी नव्हतं.

लेक चार दिवसांसाठी म्हणून माहेरी आली, ती स्वेटरांसकट. भर उन्हाळ्यात स्वेटर कशाला, हे आम्ही विचारलं नाही. आम्ही फार समजूतदार माणसं. जावयाचं नाव निघालं की ती ताटावरून उठायची. म्हणून नाव काढणं बंद झालं. पण विहीणबाईंचा फोन कसा बंद करणार? "कधी पाठवताय?" त्यांनी विचारलं आणि मी बोलून गेले, "तिच्या खोलीतलं फर्निचर रंगवायला काढलंय हो. तिची मदत होते. झालं की येईलच."

बोलून गेले, म्हणून मग रंग आणावा लागला.

पलंग पांढरा झाला, कपाट राखाडी. मग लेकीने मोबाइलवर पाहून सांगितलं, की आता कडा घासून रंग थोडा उडवायचा, म्हणजे कपाट जुनं दिसतं.

"जुनंच तर होतं की," हे म्हणाले.

"ते फुकटात जुनं होतं, बाबा. हे मेहनतीचं."

आणि ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा. झालं, ह्यांनी घरातली एक कड घासायची सोडली नाही.

दर फोनला आमचं काम वाढत गेलं. ड्रेसिंग टेबलाला तडे जाणारा रंग दिला. दोन थरांच्या मध्ये डिंकासारखं काहीतरी लावायचं, मग वरचा थर आपोआप तडकतो.

"तडे मुद्दाम पाडताय?" विहीणबाईंनी विचारलं.

"हो ना. फॅशन आहे," मी अभिमानाने सांगितलं.

ड्रॉवरांवर इतके थर चढले की ते बंद होईनात. हे ते घासून बसवायचे आणि बसले की पुन्हा रंगवायचे. एरवी घरातला बल्ब बदलायला महिना लावणारा माणूस. काम संपायची भीती मलाही तेवढीच होती.

शेवटी रंगवायला काही उरलं नाही, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. हात रंगाने भरलेले, म्हणून मी स्पीकर लावला.

"आता काय राहिलंय?" विहीणबाई म्हणाल्या. "रविवारी तो न्यायला येतोय तिला."

मी खोलीभर नजर फिरवली. हे घाईघाईने खिडकीकडे बोट दाखवत होते.

"खिडकी..." मी सुरुवात केली. "खिडकीची चौकट जरा..."

लेक दारात ब्रश पुसत उभी होती. तिने तो खाली ठेवला, हात फडक्याला पुसले आणि माझ्यासमोरचा फोन उचलला.

"आई," ती सासूला म्हणाली, "रंगकाम केव्हाच झालंय. त्याला पाठवू नका. मी परत येणार नाहीये."