मीठ माळ्यावर, रोग पाकिटात

मी एक जुनी, चिनीमातीची मिठाची बरणी आहे. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. माझं डोकं तापलेलं आहे.

भट्टीत भाजून निघाले तेव्हाच कारखान्यात लेथवर लोखंड कातणाऱ्या एका टर्नरने नव्या संसारासाठी मला घेतलं. बावीस वर्षं मी शेगडीच्या उजव्या हाताला उभी होते. त्याची बायको कपडे शिवायची. कापडात जसा तिचा अंदाज पक्का, तसाच चिमटीतही. "तुझ्या हाताला चव आहे," टर्नर म्हणायचा. त्यातलं अर्धं कौतुक मी आपलं समजायचे.

मग एका दुपारी टर्नर लेथजवळच छाती धरून खाली बसला. जीव वाचला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी, तळकट कमी." झालं! बायकोने मला उचलून माळ्यावर टाकलं. पाठोपाठ शेंगदाण्यांचा डबाही वर आला, का तर त्यात तेल असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

अळणी जेवण टर्नरच्या घशाखाली उतरेना. तेव्हा घरात पाकिटं शिरली. सूप, सॉस, झटपट नूडल्स, खारी बिस्किटं. बिस्किटांच्या पुड्यावर लालभडक हृदय छापलेलं आणि खाली 'कोलेस्टेरॉल शून्य'. बायको भाबडी, तिने विश्वास ठेवला. मी माळ्यावरून सगळं पाहत होते आणि चरफडत होते.

तीन महिन्यांत टर्नरची पावलं सुजली. चपलेचा पट्टा लागेना. जिन्यात मध्येच बसून तो धापा टाकू लागला. पुन्हा रुग्णालय, फुप्फुसांत पाणी. आठ दिवसांनी तो घरी आला, तेव्हा त्याची धाकटी बहीण सोबत आली. ती एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला होती.

"वहिनी, मीठ किती घालता?"

"कणभरही नाही! बरणी माळ्यावर टाकलीय. अजून काय करू, जीव देऊ?"

नणंदेने कपाट उघडलं, पाकिटं ओट्यावर मांडली आणि चष्मा चढवून मागची बारीक अक्षरं वाचू लागली.

"हे सोडियम लिहिलंय ना, ते मिठातलंच. या एका वाटी सुपात दादाच्या दिवसभराचं निम्मं मीठ आहे. किती पितो तो?"

"दोन... कधी तीन वाट्या."

"आणि ही बिस्किटं. कोलेस्टेरॉल नाही, खरंय. पण पामतेलातली संपृक्त चरबी बघा केवढी! तीच रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवते. शेंगदाण्यातली चरबी त्यापेक्षा कितीतरी बरी. बिनमिठाचे, मूठभर, खुशाल द्या."

बायकोने बिस्किटांचा पुडा उचलला. "म्हणजे माझ्याच हाताने मी..." मग एकदम उसळली, "मग हृदय कशाला छापलं मेल्यांनी?" पुडा भिंतीवर आदळला. जमिनीभर चुरा झाला.

टर्नर दारात उभा होता. "तुझा दोष नाही गं. कारखान्यात मी केसाएवढा फरक पकडतो. इथे पाकीट उलटून पाहिलं नाही."

त्या दिवशी मला खाली उतरवलं. डॉक्टरांना विचारून माझ्यात एक छोटा चमचा ठेवला: त्याच्यासाठी दिवसभरात अर्धा चमचा मीठ, तोही सपाट. बाकी चव लिंबू, लसूण, मिरी सांभाळतात. सूज उतरली. टर्नर कामावर जातो, पण अर्धा दिवसच, आणि जड काही उचलत नाही. हृदयाचा जो भाग मेला, तो मेलाच. तो कोण भरून देणार?

मीही धुतल्या तांदळासारखी नाही, मित्रांनो. माझ्यात हात सैल सोडलात तर मीही घात करीन. पण मी समोर उभी असते, दिसते. पाकिटातलं मीठ आणि चरबी दिसत नाही. म्हणून पाकीट उलटा, वाचा. अक्षरं दिसणार नाहीत इतकी बारीक असतील, तर दुकानदारापुढे धरा आणि म्हणा, "वाचून दाखवा." तो टाळाटाळ करू लागला, तर पाकीट तिथेच ठेवून बाहेर पडा.