पाव सूर

"तीन नंबरवाला पेंगतोय," टपालवाले म्हणाले. "आधी कुणीतरी त्याला चहा पाजा, मग वाजवायला सांगा."

सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांची मुलगी खिडकीपाशी स्टुलावर बसली होती. तिनं मान खाली घातली आणि बोटांची घट्टे पडलेली टोकं एकमेकांवर घासत राहिली. तीन नंबर तिचा होता. खोलीत हे तिला, मिस्त्रींना आणि मला एवढ्या तिघांनाच ठाऊक होतं. मला ठाऊक होतं, कारण आलेल्या सीड्यांवरची नावं कागद चिकटवून झाकायचं काम माझ्याकडे होतं. मंडळाची टिपणं मी ठेवतो. ज्याला स्वतःचं मत नाही त्याच्यापाशी गुपित बरं राहतं, असं मंडळाचं म्हणणं आहे.

आम्ही नऊ-दहा माणसं दर रविवारी सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यावरच्या खोलीत जॅझ ऐकायला जमतो. या वर्षी मंडळाला पंचवीस वर्षं होणार होती. त्यानिमित्त एका वादकसंचाला बोलवायचं ठरलं. तीन संच आमच्यापुढे होते आणि तिघांनीही एकच जुना तुकडा नव्यानं बांधला होता. आम्ही त्याला 'दुदारी' म्हणतो. सबंध तुकडा दोनच स्वरमालांवर उभा आहे. पहिल्या दारानं आत यायचं, हवं तेवढं रमायचं, दुसऱ्या दारानं बाहेर पडायचं. मधल्या भिंती वाजवणाऱ्यानं घालायच्या. मूळ तबकडी आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यातल्या खरखरीसुद्धा आम्हाला पाठ आहेत. त्या सकाळीही आधी तीच लावली होती, आणि मग डॉक्टरीणबाईंच्या सीडी प्लेअरवर तिन्ही नवी वादनं.

"मला एक नंबर आवडला," टपालवाले म्हणाले. "यंत्रं घातलीत म्हणून नाकं मुरडू नका. तेच घर किती वर्षं बघायचं? रंग तरी बदला!"

"त्या एक नंबरपेक्षा माझं ड्रिल सुरात असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुमच्या ड्रिलला टाळ्या पडत नाहीत, बाई. लोक तोंड उघडून बघत बसतात फक्त."

"आणि दोन नंबरनं काय केलंय?" मास्तर म्हणाले. मास्तरांनी शाळेत तीस वर्षं वाद्यवृंद शिकवला, आणि त्यांच्या कानाचा शब्द आमच्यात शेवटचा असतो. "वीस गाणारी माणसं आणून उभी केली. अरे, ज्या तुकड्याचा जीव मोकळ्या जागेत आहे, तिथे गर्दी करायची?"

"मग तीन नंबरनं जागा मोकळीच ठेवलीय की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिली दोन मिनिटं नुसत्या बेसच्या खर्जातल्या तारा. मला तर ते धाडस वाटलं. आणि पट्टीसुद्धा मूळचीच ठेवलीय. बाकी दोघांनी आपापल्या सोयीनं बदलली."

"ठेवायला गेला, पण ठेवता आली नाही." मास्तरांनी चष्मा काढला. "पाव सूर खाली आहे. आत्ता मूळ ऐकलंत ना? त्याच्यापुढे हे वादन बसकं वाटतं. लयही रेंगाळते. कल्पना चांगली, पण वाजवणाऱ्याचा कान कच्चा. कच्च्या कानाच्या माणसाला आपण पंचविसाव्या वर्षी बोलवायचं का, एवढाच प्रश्न आहे."

मुलगी उठली. "तीन नंबर माझा आहे, काका."

टपालवाल्यांनी उगाचच कपाखालची बशी उचलली आणि परत ठेवली.

मास्तर गडबडले, पण डगमगले नाहीत. "पोरी, मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर हेच जरा गोड शब्दांत बोललो असतो. पण बोललो असतो हेच."

"मी मूळ तबकडीशी ताडून सूर लावलाय. माझ्या घरी, दहा वेळा."

"मूळ तबकडी आत्ता इथे वाजली. दहा जणांनी ऐकली."

"मग तुमचं मशीन पळतंय," ती म्हणाली.

आणि सगळ्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं.

मिस्त्री शिलाई मशीन दुरुस्त करतात. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे, आत धातू कातायचा एक लहानसा लेथ आहे, आणि बाजारात न मिळणारा कुठलाही भाग ते स्वतः घडवतात. बावीस वर्षांपूर्वी आमच्या रेकॉर्ड प्लेअरची मोटर फिरे आणि तबकडी फिरेना. कंपनी कधीच बंद पडलेली. मोटरच्या दांड्यावरची प्लॅस्टिकची पुली, म्हणजे ज्या बोटभर चाकावरून रबरी पट्टा फिरतो ते चाक, तडकली होती. मिस्त्रींनी तिच्या जागी पितळेची घडवून आणली, बसवली, आणि मशीन चालतंय का बघायला म्हणून जी तबकडी हाताशी होती ती लावली. ती दुदारी होती. शेवटपर्यंत उभ्याउभ्या ऐकून ते म्हणाले, "मला संगीतातलं काही कळत नाही, पण हे फिरतंय छान. पुढच्या रविवारी आलो तर चालेल?" पुढच्या रविवारी ते बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. तिनं बेस हातात घेतला तो या खोलीत ऐकूनच.

त्या पुलीचा त्यांना अभिमान होता, आणि तो रास्त होता. बावीस वर्षांत ती एकदाही कुरकुरली नव्हती.

"माझं मशीन पळत नाही," मिस्त्री म्हणाले.

"बाबा, मी कधीची सांगणार होते..."

"कधीची म्हणजे?"

"सूर बांधला तेव्हापासून. तीन महिने. तुम्हाला कसं सांगायचं तेच कळेना."

मिस्त्रींनी खिशातून कागदाचा कपटा काढून तो प्लेअरवर तबकडी ठेवायच्या थाळीच्या कडेला चिकटवला. "यात वाद कशाला घालायचा? फिरणारी वस्तू आहे, मोजता येते. मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे. म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर. वहिनी, घड्याळ धरा. तीन मिनिटं झाली की सांगा." डॉक्टरीणबाईंचे यजमान त्यांचे मित्र, म्हणून त्या वहिनी.

बटण दाबून ते फिरत्या थाळीवर वाकले. कपटा समोरून जाईल तशी त्यांची तर्जनी हवेत किंचित हलत होती. डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत होत्या, बाकीचे मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे. मोजत कुणी नव्हतं. मी मात्र मनातल्या मनात मोजत होतो, सवयीनं.

"झाली!"

मिस्त्री वाकलेलेच राहिले. शंभर म्हटलं असतं तर विषय तिथेच संपत होता. पुली सलामत, मास्तरांचा कान सलामत, आणि मुलीचा एक कार्यक्रम गेला असता, एवढंच. माझा आकडा वेगळा होता. पण ते शंभर म्हणाले असते तर मी तोंड उघडलं असतं का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. बहुधा मी माझीच मोजणी चुकली असं धरून चाललो असतो.

"एकशे तीन," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी पेचकस काढला, थाळी उचलली, पुली सोडवून तळहातावर घेतली आणि खिडकीच्या उजेडात नेली. पुली चकचकीत होती.

"तडकलेल्या पुलीचं माप घेतलं मी," ते हळू म्हणाले. "तडा गेला की फट पडते. फट पडली की चाक फुगतं, केसभर. ते फुगलेलं माप मी धरलं, आणि तंतोतंत उतरवलं." ते मुलीकडे वळले. "चूक कामात नव्हती गं. काम चोख आहे. नमुनाच मोडका होता, ते मी बघितलं नाही."

"म्हणजे आपण बावीस वर्षं..." टपालवाल्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"सगळ्या तबकड्या," मिस्त्री म्हणाले. "एकूण एक."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ मनगटावर चढवलं. बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "आमच्या ह्यांनी शेवटच्या आजारपणात रोज ही तबकडी मागितली. खाली दवाखान्यामागच्या घरात बिछान्यावरून ऐकायचे, मी वर दार उघडं ठेवायची. म्हणजे ते शेवटपर्यंत चुकीचीच ऐकत गेले."

"चुकीची मी वाजवली, वहिनी," मिस्त्री म्हणाले. "त्यांनी ऐकली ती बरोबरच ऐकली."

त्या दिवशी मतदान झालं नाही. मी टिपणात 'निर्णय पुढे ढकलला' एवढंच लिहिलं. कारण लिहायला घेतलं होतं, मग खोडलं. आठवडाभर मला वाटत होतं, मिस्त्री पुली कुणाच्या तरी हाती पाठवतील आणि स्वतः येणार नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर तसंच केलं असतं.

पुढच्या रविवारी मी दार उघडायला गेलो तर बापलेक पायऱ्यांवर आधीच उभे. मुलीच्या पाठीवर तो माणसाएवढा बेस होता. मिस्त्रींनी पुली बसवली, कपटा चिकटवला, आणि या वेळी सगळ्यांना मोठ्यानं मोजायला लावलं. आम्ही दहा म्हातारी माणसं शाळेतल्या पोरांसारखी शंभरपर्यंत ओरडलो. शंभर म्हणताक्षणी तीन मिनिटं झाली आणि डॉक्टरीणबाईंनी हात खाली केला.

मग दुदारी लागली.

मला वाटलं होतं, फरक कळणारही नाही. पहिल्याच सुराला कळला. ओळखीचा माणूस आपल्या दिशेनं येताना पायऱ्या उतरून यावा तसं काहीतरी झालं. ट्रंपेटमधली ती चुणचुण, जिच्यावर आमचा जीव होता, ती नव्हती. त्याऐवजी दोन सुरांच्या मधली जागा ऐकू येत होती. टपालवाल्यांना ते पटलं नाही.

"मिस्त्री, राग मानू नका, पण जुनी पुली लावता येईल का परत? निदान दुदारीपुरती?"

"जुनी हीच आहे. नवी नाही केली, हीच लेथवर उतरवली. पितळ काढता येतं, घालता येत नाही. बरं झालं, चूक मोठ्या बाजूला झाली होती."

"म्हणजे आपली दुदारी गेली."

"गेली," मिस्त्री म्हणाले. त्यांनी ते मऊ करून सांगितलं नाही.

मग कुणी न सांगता मी तीन नंबर लावला. हे मी का केलं ते माहीत नाही. आयुष्यात मी न विचारता केलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत. बेसची ती दोन मिनिटं सुरू झाली आणि कुणालाही झोप आली नाही. ज्याला आम्ही रेंगाळणं म्हणालो होतो ते थांबणं होतं, आणि प्रत्येक थांब्याला तिला कुठे जायचं ते नेमकं माहीत होतं. तुकडा संपल्यावर टपालवाले म्हणाले, "पेंगत मीच होतो म्हणायचं," आणि सगळ्यात आधी हात त्यांनीच वर केला. मागोमाग आठ हात वर गेले, त्यांत माझाही. मिस्त्रींनी मत दिलं नाही. "घरचं आहे," म्हणाले.

मास्तरांचा हातही वर होता, पण हात खाली घेतल्यावर ते बसले नाहीत. काठी टेकत ते खिडकीपाशी गेले. मुलीनं बेस खोळीतून काढला होता.

"पोरी, मूळ स्वर दे."

तिनं एक तार छेडली. मास्तरांनी डोळे मिटून सूर लावला. सत्त्याहत्तराव्या वर्षीही त्यांचा आवाज सरळ आहे. तो खणखणीत लागला, आणि वर लागला. या वेळी ते आम्हालाही ऐकू आलं.

"किंचित खाली, काका," ती म्हणाली.

मास्तरांनी आवाज उतरवला.

"अजून थोडं."

मानेच्या शिरा ताणून ते खाली आले, चुकले, परत वर सरकले. सवय त्यांना ओढून नेत होती. कुणीतरी त्यांना बसा म्हणावं असं मला वाटलं, आणि कुणी म्हणू नये असंही वाटलं.

"परत दे," मास्तर म्हणाले.

तिनं परत तार छेडली. रेकॉर्ड प्लेअरची थाळी रिकामीच फिरत होती आणि मोटरची बारीक घरघर चालू होती. मिस्त्रींनी हात लांब करून बटण बंद केलं, त्या दोघांना दुसरा आवाज ऐकावा लागू नये म्हणून.