किल्ल्यांचा आवाज

कुत्र्यांच्या प्रदर्शनात व्हर्ना स्टोल्झला तंबूमागे बसायची शिक्षाच झाली होती म्हणा ना. तिची कॉली कुत्री हेझल, मालकिणीचं तोंड दिसलं की रिंगणबिंगण विसरून तिच्याकडे धाव घ्यायची. म्हणून हेझलला पैसे घेऊन रिंगणात फिरवणाऱ्या रोलंडने बजावून ठेवलं होतं, "व्हर्नाबाई, तुम्ही दिसायचं नाही आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही." बाहेरून कुत्र्याचं लक्ष वेधणं नियमात बसत नव्हतं. परीक्षकाने पाहिलं तर कुत्र्याला सरळ बाहेरची वाट. बारा वर्षांपूर्वी हा नियम व्हर्नाला शिकवला होता तो तिच्या मैत्रिणीने, आर्डिसने.

आर्डिस लिंडक्विस्ट आज स्वतःच्या कॉली कुत्रीला, ज्युनोला घेऊन रिंगणातच होती. पगारी माणूस ठेवणं तिला कधी पटलं नाही. पण गुडघ्यांनी दगा दिला होता, सप्टेंबरात ऑपरेशन होतं आणि पुढे पळायचं नाव नको असं डॉक्टरने सांगितलं होतं. मिनेसोटातल्या या जत्रेच्या मैदानावरचं हे तिचं शेवटचं प्रदर्शन. ज्युनोला चॅम्पियन व्हायला एकच मोठा विजय कमी होता. हेझललाही तेवढाच, पण हेझल दोन वर्षांची आणि ज्युनो सात. व्हर्नाला हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये.

सकाळी त्या दोघी, दोन्ही कुत्र्या आणि आर्डिसच्या आंबटगोड रुबार्बच्या वड्यांचा डबा, सगळे व्हर्नाच्याच पिकअपमधून आले होते. नेहमीच तसं यायचे. वाटेत आर्डिस म्हणाली होती, "तू जिंकलीस तर मी घरी चालत जाईन, सांगून ठेवते."

"त्या गुडघ्यांनी? नाताळला पोचशील."

दोघी पोट धरधरून हसल्या होत्या.

आता रिंगणात ज्युनो आणि हेझल, शेवटच्या दोघीच उरल्या होत्या. व्हर्ना खुर्चीवरून उठून तंबूच्या खांबाआड कधी येऊन उभी राहिली, ते तिचं तिलाच कळलं नाही. परीक्षकाने ज्युनोला शेवटची दौड करायला सांगितली. आर्डिस लंगडत नव्हती. कुठून आणला होता एवढा जोर, देव जाणे. ज्युनोची चाल तर लोण्यासारखी. आणि इकडे हेझल कान पाडून, सासरी कोंडलेल्या सुनेसारखं तोंड करून उभी. रोलंड खिशातली उकडलेली कलेजी दाखवून थकला, पण कान काही उठेनात.

व्हर्नाच्या मनात आलं, जर्मन शेफर्डवाले तर कुंपणाबाहेरून धावत शिट्ट्या मारतात, त्यांना कोण विचारतं? माणसाला करायचंच असलं की अशी कारणं पैशाला पासरी मिळतात. परीक्षकाची नजर हेझलकडे वळली आणि व्हर्नाने कोटाच्या खिशात हात घालून किल्ल्यांचा जुडगा हलवला. एकदाच. गोठ्याची, टपालपेटीची, पिकअपची, साऱ्या किल्ल्या एकदम वाजल्या.

हेझलचे कान ताठ उभे राहिले. डोळे चमकले. चित्र काढावं अशी दिसली.

पण त्या पिकअपमधून गेली पाच वर्षं ज्युनोही येत-जात होती. ऐन दौडीत तिने आवाजाकडे मान वळवली आणि पावलं चुकली. पट्टा आर्डिसच्या पायात आला, ती अडखळली, कशीबशी सावरली. परीक्षकाने बोट केलं ते हेझलकडे.

हे व्हर्नाला नको होतं. तिला आपल्या हेझलचे कान हवे होते, इतकंच. पण हे सांगायला जायचं तर ते तेव्हाच. परीक्षक दहा पावलांवर होता. आर्डिसने येऊन तिला मिठी मारली, "जा, फोटो काढून घे," म्हणाली, आणि व्हर्ना गेली. फोटोत हसलीसुद्धा.

दुपारी पिकअपपाशी आल्यावर तिने सवयीने किल्ल्या बाहेर काढल्या. दोन्ही कुत्र्यांनी एकदम कान उभे केले. ज्युनोने मान वळवली, अगदी रिंगणात वळवली होती तशीच.

आर्डिस किल्ल्यांकडे बघत राहिली. मग वाकून तिने ज्युनोच्या गळ्यात हात टाकला.

"बिचारीची काही चूक नव्हती," ती म्हणाली. "तिला वाटलं, घरी निघालो."

व्हर्ना मैदानाकडे वळली. "मी जाते. परीक्षकाला सांगते."

"तो मघाशीच विमानतळाला गेला, व्हर्ना. आणि तू फोटो काढून घेतलास."

आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पन्नास मैल आर्डिस खिडकीबाहेर मक्याची शेतं बघत बसली. वड्यांचा डबा दोघींच्या मधे न उघडता पडून होता. तिच्या घराच्या फाट्यावर, अजून अर्धा मैल असताना, ती म्हणाली, "इथेच थांबव."

"अगं, दारापर्यंत सोडते की."

"चालत जाईन म्हटलं होतं ना."

ती हसली नाही. ज्युनोला उतरवून, दार हळूच लावून, ती मातीच्या रस्त्याने निघाली. आता मात्र लंगडत होती, लपवायला समोर कुणी परीक्षक नव्हता. व्हर्नाला हाक मारावीशी फार वाटली. पण हाक मारली असती, तर वळून पाहिलं असतं ते फक्त ज्युनोने.